किनाऱ्यावरील उद्यानात वाहनांचे प्रदूषण कसे मोजावे

समुद्रालगतच्या उद्यानात मोजमापाची खरी अडचण समुद्रच निर्माण करतो: लाटांच्या तुषारांतील मिठाचे कण धुळीच्या आकड्यात मिसळतात आणि लाटांची गाज रहदारीच्या आवाजात. त्यामुळे समुद्राचा वाटा वेगळा काढता येईल, अशी मांडणी आधी करावी.

रस्त्याशी काटकोन करणारी रेषा आखून तिच्यावर कडेपासून सुमारे 10, 20, 40 आणि 80 मीटरवर बिंदू ठरवावेत. तुलनेसाठी आणखी एक बिंदू रहदारीपासून दूर, पण पाण्याच्या तितक्याच जवळ असावा. प्रत्येक फेरीत वाऱ्याची दिशा, आर्द्रता आणि दुचाकी, मोटारी, अवजड वाहने यांची वेगवेगळी संख्या नोंदवावी. दिवसा वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि धूर उद्यानाबाहेर नेतो, तर रात्री तो बऱ्याचदा उलटतो. केवळ दुपारी मोजणाऱ्याला उद्यान फसवे स्वच्छ दिसते, म्हणून पहाटेची फेरी टाळू नये.

ध्वनिमापक 'ए' भारांकनावर (माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार आवाज मोजणारी पद्धत) ठेवून तिपाईवर 1.2 ते 1.5 मीटर उंचीवर, भिंतींपासून दूर बसवावा आणि त्यावर फोमचे वारारोधक आवरण घालावे. आधी व नंतर तो 94 डेसिबलच्या प्रमाणित ध्वनीने तपासावा, आणि वारा सेकंदाला 5 मीटरपेक्षा वेगवान असेल तर मोजणी थांबवावी. दर बिंदूवर 15 मिनिटांची समतुल्य पातळी, म्हणजे त्या वेळातील चढउतारांइतकीच ऊर्जा असणारी एकसमान पातळी, घ्यावी. डेसिबलची साधी सरासरी चालत नाही, ही चूक फार आढळते: समान वेळाचे 60 आणि 70 यांची ऊर्जा-सरासरी 65 नव्हे, सुमारे 67.4 येते. वजाबाकीही तशीच, एकूण 63 आणि केवळ लाटांचा 60 असेल, तर रहदारीचाही 60 असतो. सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट होताच साधारण 3 डेसिबलने उतरतो. तो उतरत नसेल, तर तिथे गाजच वरचढ आहे असे समजावे.

हवेसाठी कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावर चालणारे स्वस्त कणमापक सोयीचे असले, तरी सुमारे 75 टक्के आर्द्रतेला मीठ पाणी शोषून विरघळते आणि फुगलेले थेंब धूळ म्हणून मोजले जातात. असे आकडे वेगळे काढावेत. वाहनांचा माग घ्यायला नायट्रोजन डायऑक्साइड अधिक भरवशाचा, कारण तो समुद्रातून येत नाही. त्याच्या शोषक नळ्या (हवेतील हा वायू आपोआप शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या) प्रत्येक बिंदूवर 2 ते 4 आठवडे टांगाव्यात, एक बंद नळी कोरा नमुना म्हणून राखावी आणि सर्व एकाच प्रयोगशाळेत तपासून घ्याव्यात.