लिनक्सवर विंडोजचा गेम अडला? खापर वेलँडवर फोडण्याआधी या चुका टाळा

विंडोज १०चं अधिकृत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आणि विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट पीसी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर आले. तिथे पहिला गेम अडला की, चित्र पडद्यावर मांडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी नवी सोडून जुनी घ्या, हा सल्ला ठरलेला: ‘वेलँड सोड, एक्स११वर जा.’ कधी तो लागूही पडतो. पण अनेकदा बिघाड भलतीकडेच असतो, आणि या खटाटोपात नीट चालणाऱ्या गोष्टीही बिघडतात.

गेम पडद्यावर येण्याआधी बऱ्याच थरांतून जातो. प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन, गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वने २०१८मध्ये वाइन या जुन्या प्रकल्पाच्या पायावर उभं केलेलं. त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेच्या ९, १० आणि ११ या आवृत्त्यांच्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन भाषेत बदलतं. १२साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. पुढे ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि सगळ्यांत शेवटी तयार चित्र पडद्यावर मांडणारं एक्स११ किंवा वेलँड. स्टीममध्ये ‘प्ले’ दाबल्यावर काही क्षणांत पुन्हा ‘प्ले’च दिसत असेल, तर आधीचे थर तपासा. गेम चालतोय पण चित्र लुकलुकतंय, फाटतंय किंवा धूसर दिसतंय, तेव्हा शेवटच्या थराकडे वळा.

जुन्या पीसीवर सर्वांत घातक चूक म्हणजे कार्ड न पाहता सर्वांत नवं प्रोटॉन लावणं. प्रोटॉन ८पासून डीएक्सव्हीकेला व्हल्कन १.३ लागतं. जीटी ७१०सारखी केप्लर पिढीची कार्डं एनव्हिडियाच्या ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबली आणि तिथे व्हल्कन १.२पर्यंतच मजल आहे. अशा वेळी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन ७ किंवा ६.३ निवडा. जुने गेम त्यावर व्यवस्थित चालतात. ड्रायव्हरच्या ३२-बिट लायब्ररीही बसवलेल्या हव्यात. त्या नसतील तर कितीतरी जुने गेम कुरकुर न करता बंद पडतात.

दुसरी चूक एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या ड्युअल बूटवाल्यांची: विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवरचेच गेम लिनक्समधून चालवणं. जागा वाचते हे खरं, पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी छोटं विंडोज उभारतं आणि त्यात नावात कोलन असलेली लिंक बनवतं. विंडोजला ते नाव चालत नाही, मग ड्राइव्हवर चुका साठत जातात. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर तोच ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरता उघडतो. गेमसाठी एक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीचं वेगळं पार्टिशन करा, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर स्टीम स्नॅप या तिथल्या पॅकेज-पद्धतीतून घेऊ नका. व्हॉल्वच्या संकेतस्थळावरची डेब फाइल घ्या.

आता वेलँड. हा वाद जुना आहे. एक्स११ १९८७पासूनचं, वेलँड २००८मध्ये सुरू झालेलं. पण वेलँडच्या सेशनमध्येही (लॉगिन करताना निवडलेल्या डेस्कटॉपमध्ये) प्रोटॉनचे गेम सहसा एक्सवेलँड या दुभाष्यामधून, म्हणजे एक्स११च्याच भाषेत बोलत चालतात. म्हणून गेम सुरूच होत नसेल, तर सेशन बदलून क्वचितच काही साधतं.

एनव्हिडियावाल्यांची तक्रार मात्र खरी होती. खुल्या (ओपन सोर्स) ड्रायव्हरांत चित्र पूर्ण रंगवून झालं की नाही, याची खूण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपणहून सांभाळत असे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ती पद्धत पाळत नव्हता. त्यामुळे अर्धवट किंवा जुनी चित्रं पडद्यावर झळकत. ही खूण उघडपणे द्यावी की नाही, यावर वर्षानुवर्षं खल झाला. २०२४मध्ये ती खूण उघडपणे देणाऱ्या एक्स्प्लिसिट सिंकचा प्रोटोकॉल, एक्सवेलँड २४.१ आणि एनव्हिडियाचा ५५५ ड्रायव्हर आले आणि ते लुकलुकणं बहुतांशी थांबलं. म्हणून कोणताही सल्ला पाळण्याआधी त्याची तारीख बघा. २०२२ सालचा ‘वेलँड टाळा’ हा सल्ला तेव्हा रास्त होता. आज तो पाळायला गेलात, तर उबुंटू २५.१०च्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये एक्स११चं सेशनच सापडणार नाही. चित्र लुकलुकत असेल तर आधी ड्रायव्हर, एक्सवेलँड आणि डेस्कटॉप, तिघांच्या आवृत्त्या पाहा. चित्र धूसर असेल तर डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के करून बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

एएमडीचं कार्ड ४के टीव्हीला जोडून १२० हर्ट्‌झ पूर्ण रंगांसह मिळत नसेल, तर त्यात वेलँडचा दोष नाही. एचडीएमआय २.१ला खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४मध्ये नाकारला. लोकांनी विकत घेतलेल्या कार्डाची क्षमता केवळ नियमांमुळे अडावी, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल वापरा.

काही गेमपुढे मात्र इलाज चालत नाही. व्हॅलोरंट या गेममधली फसवेगिरी रोखणारं व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. अशीच कामं करणारी ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय २०२१पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी दिली तरच. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता. ऑक्टोबर २०२४च्या शेवटी तो तिथे बंद केला गेला. ऑनलाइन गेमवर पैसे घालण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावरचे खेळाडूंचे ताजे अनुभव वाचा. स्टीमवर घेतलाच असेल आणि चालत नसेल, तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असताना परतावा मागा.