विषय घेऊन तर्ककोडी रचताय? या चुका टाळा

कागद-पेन्सिलीची कोडी मनापासून सोडवणाऱ्याला कधी ना कधी स्वतःचं कोडं रचावंसं वाटतंच. नाशिककराला तर विषयांची वानवा नाही. द्राक्षं आहेत, मिसळ आहे, गोदाघाट आहे, रंगपंचमीच्या रहाडी (रंग खेळायचे जमिनीतले हौद) आहेत, त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी आहे. आकड्यांचा नाद असेल तर देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर आहेत. मात्र विषय घेतला की कोड्यात काही दोष असे शिरतात, जे साध्या सुडोकूत सहसा येत नाहीत. रचणाऱ्याच्या डोक्यात विषयाचं सगळं गाव वसलेलं असतं, सोडवणाऱ्याच्या हातात मात्र एक कागद असतो. कागदावर जे नाही ते कोड्यात नाही, एवढं पक्कं धरलं तर खालच्या बहुतेक चुका तुमच्या तुम्हालाच दिसायला लागतील.

नियम एक सांगतो, चित्र दुसरंच

‘झाडं आणि तंबू’ हे कोडं अनेकांना माहीत असेल. प्रत्येक झाडाला लागून एक तंबू ठोकायचा आणि कोणतेही दोन तंबू एकमेकांना कोपऱ्यालाही टेकू द्यायचे नाहीत. नाशिकमध्ये बसून हे कोडं रचणाऱ्याला पहिलं काय सुचेल? सिंहस्थ आणि तपोवनातलं साधुग्राम. ऐकायला छान वाटतं, पण ज्याने साधुग्राम पाहिलंय त्याच्या डोळ्यांपुढे दाटीवाटीने उभे राहिलेले तंबू येतात. नियम म्हणतो तंबू दूर दूर, चित्र म्हणतं खेटून. सोडवणारा अर्ध्या वाटेत नियम विसरतो, दोन तंबू शेजारी काढतो आणि कोडंच चुकलंय असं समजतो. दोष त्याचा नाही. विषयाने त्याला उलट्या दिशेला ढकललं.

आता ‘प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि विभागात एकच चांदणी, दोन चांदण्या टेकता कामा नयेत’ हे कोडं घ्या. इथे चांदणीच्या जागी रहाड ठेवून पाहा. जुन्या नाशकात तिवंधा चौक, शनी चौक, जुनी तांबट लेन अशा निरनिराळ्या ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. एकीला खेटून दुसरी नसते. शिवाय रहाड वर्षभर रस्त्याखाली झाकलेली असते आणि रंगपंचमीला उघडते, त्यामुळे ‘रहाड कुठे आहे ते शोधा’ हा प्रश्नसुद्धा विषयातूनच येतो. ‘प्रत्येक पेठेत एक रहाड’ असं म्हटलं की नियम निम्मा समजलेलाच असतो.

दिलेल्या आकड्यांवरून बंद वाट काढायच्या कोड्यांना ब्रह्मगिरीची फेरी अशीच चपखल बसते. निघालात तिथेच परत यायचं आणि वाटेत आपलीच वाट ओलांडायची नाही. तरीसुद्धा ‘वाट एकच आणि अखंड असावी’ हे वाक्य नियमात लिहाच. ते गृहीत धरलं तर सगळे आकडे जुळतात आणि कागदावर दोन वेगळी वर्तुळं उभी राहतात.

विषय निवडल्यावर नियम एकदा विषयाच्या भाषेत मोठ्याने वाचून बघा. वाचताना ‘पण खरं तर तिथे असं नसतं’ असं मनात आलं, तर नियम तसाच ठेवा आणि विषय बदला.

चौकट फार लहान

पहिलं कोडं लहान असावं म्हणून लोक ४ बाय ४ ची चौकट घेतात. रहाडीच्या कोड्यात हे चालत नाही. ४ बाय ४ मध्ये नियमात बसणाऱ्या मांडण्या फक्त २ आहेत, आणि त्या एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब आहेत. कोपऱ्यातल्या घरात तर रहाड कधी येऊच शकत नाही. दुसऱ्यांदा असं कोडं हाती आलं की सोडवणारा विभागांकडे न पाहताच उत्तर लिहील. ३ बाय ३ मध्ये एकही मांडणी नाही. ५ बाय ५ ला १४ होतात आणि ६ बाय ६ ला ९०. माझ्या मते सुरुवात ६ पासूनच करावी. ५ चं कोडं फार तर नियम समजावायला, उदाहरण म्हणून द्यावं.

शब्द सैल

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा जवळून बघू. निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि चांदवड इथून द्राक्षांची एकेक गाडी सोमवार ते गुरुवार अशा चार वेगवेगळ्या दिवशी आली. क्लू तीनच:

निफाडची गाडी दिंडोरीच्या आदल्या दिवशी आली.
सिन्नरची गाडी सोमवारी आली नाही.
चांदवडची गाडी सिन्नरच्या नंतर आली.

निफाड-दिंडोरी ही जोडी एकत्र सरकते. ती मंगळवार-बुधवारी किंवा बुधवार-गुरुवारी बसवली, तर तिसऱ्या क्लूमुळे सिन्नर सोमवारी जातं आणि दुसरा क्लू मोडतो. म्हणून निफाड सोमवार, दिंडोरी मंगळवार, सिन्नर बुधवार, चांदवड गुरुवार. उत्तर एकच.

आता पहिल्या क्लूमध्ये ‘आदल्या दिवशी’ऐवजी नुसतं ‘आधी’ लिहा. सोमवारी सिन्नर नाही, आणि चांदवड सिन्नरच्या नंतरच असल्याने तेही नाही. दिंडोरीच्या आधी निफाड हवं, म्हणून सोमवारी निफाडच. पण उरलेल्या तिघांत फक्त ‘सिन्नर चांदवडच्या आधी’ एवढंच बंधन राहतं आणि दिंडोरी मंगळवार, बुधवार, गुरुवार कुठेही बसते. एका उत्तराची तीन उत्तरं झाली, आणि रचणाऱ्याला पत्ताही नाही, कारण त्याच्या डोक्यात ‘आधी’चा अर्थ ‘लगेच आधी’ असाच होता.

असेच दगा देणारे शब्द: ‘शेजारी’ (तिरकं घर धरायचं की नाही?), ‘डावीकडे’ (लगतचं की कितीही लांबचं?), ‘किंवा’ (दोन्ही खरं असलेलं चालतं का?), आणि ‘दोन घरं सोडून’. नियमात प्रत्येकाचा अर्थ एकदा ठरवून लिहा आणि कोडं संपेपर्यंत बदलू नका. तर्काच्या कोड्यात पुनरुक्ती खपते. भाषा नटवायला ‘शेजारी’च्या जागी मध्येच ‘लगत’ आणि मध्येच ‘जवळ’ लिहिलंत, तर सोडवणारा त्या तीन शब्दांचे तीन अर्थ शोधत बसेल.

याच कोड्यावर आणखी एक तपासणी करता येते. एकेक क्लू झाकून बघा. वरच्या तिन्हीपैकी कोणताही झाकला की उत्तरं वाढतात, म्हणजे प्रत्येक क्लूला काम आहे. झाकूनही उत्तर एकच राहिलं तर तो क्लू फाजील आहे. नवख्यांसाठी रचत असाल तर फाजील क्लू मुद्दाम ठेवायला हरकत नाही, पण तो आपण ठेवलाय हे आपल्याला माहीत हवं.

गावचं ज्ञान कोड्यात घुसतं

समजा कोडं असं आहे: चार मैत्रिणी गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड आणि नांदूरमध्यमेश्वर अशा चार ठिकाणी गेल्या, ही ठिकाणं नदीच्या प्रवाहाच्या क्रमाने लावा. नाशिककर क्लू वाचणारच नाही, क्रम त्याला पाठ आहे. नागपूरचा माणूस सगळे क्लू वाचून तासभर बसेल. एकाच कागदाची दोन कोडी झाली आणि त्यातलं एक प्रश्नमंजूषेतलं आहे.

याच्या उलटं आणखी वाईट. उत्तराच्या सोयीसाठी रामकुंड सोमेश्वरच्या वरच्या अंगाला गेलं, तर गावातला माणूस बरोबर तर्क करूनही उत्तर खोडेल. त्यामुळे जे वास्तवात आधीच ठरलेलं आहे ते कोड्यात शोधायला लावू नका. कोणती मैत्रीण कुठे गेली, कोणी कोणता पक्षी पाहिला, कोणाकडे दुर्बीण होती, हे नकाशा सांगत नाही. तेच विचारा. नदीचा क्रम हवाच असेल तर तो कागदावर सरळ छापून द्या, म्हणजे नाशिक आणि नागपूर एका पातळीवर येतील.

दोन उत्तरं आली, आता काय?

आधी घाबरून भराभर आकडे भरू नका. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा आणि जिथे फरक आहे तेवढ्याच घरांवर खूण करा. सुडोकूत बऱ्याचदा चार घरांचा आयत सापडतो: दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, मिळून दोनच पेट्या, आणि घरांत ४-७ वर, ७-४ खाली. हे अदलाबदल केलं तरी कुठलाच नियम मोडत नाही. अशा आयतातलं एक तरी घर आधीच भरून द्यावं लागतं, दुसरा उपाय म्हणजे उत्तराचीच मांडणी बदलणं. घर भरून दिल्यावर कोडं पुन्हा पहिल्यापासून सोडवा. त्या एका आकड्याने तुमची सगळ्यात सुंदर पायरी आयती उघडी पडलेली असू शकते.

ओळींच्या आकड्यांवरून घरं काळी करत चित्र काढायच्या कोड्यांत हाच रोग चित्रातून येतो. द्राक्षाचा घड काढायचा मोह होतो. सुट्या सुट्या मण्यांसाठी एकाआड एक घरं काळी केली जातात, आणि तिथेच फसगत होते. तिरक्या रेषेतली दोन एकटी घरं दुसऱ्या तिरक्या रेषेत हलवली तरी आडवे-उभे आकडे तेच राहतात. मणी एकमेकांना चिकटवा, देठ जाड करा, एखादं पान जोडा. घड थोडा ओबडधोबड दिसेल, पण उत्तर एक राहील, आणि माझा कौल नेहमी त्यालाच आहे.

उत्तर एकच आहे ना, हे संगणकावरची सोडवणारी साधनं क्षणात सांगतात. ती जरूर वापरा. माणसाला ते उत्तर गाठताना मजा येते का, हे मात्र त्यातून कळत नाही.

६१७४ चा मोह

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळेत शिकवत होते, आणि ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर पोचला आहे. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक एकच नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा आणि हेच करत राहा. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो.

यावर कोडं रचताना ‘शेवटी कोणता आकडा येतो?’ असं विचारलं जातं. ते कोडं नाही, कारण शेवट सगळ्यांचा सारखाच. उलट विचारलं, ‘पहिल्या वजाबाकीत ३०८७ आलं, तर सुरुवातीचे अंक कोणते?’, तर ५४३२ मधून ३०८७ येतं आणि ६५४३ वजा ३४५६ केलं तरी ३०८७ च येतं. उत्तरं अनेक. पण ‘चारही अंकांची बेरीज १४’ एवढा एक क्लू जोडा, म्हणजे २, ३, ४, ५ हे एकच उत्तर उरतं. सगळ्यात मोठ्या आणि लहान अंकात ३ चा फरक, मधल्या दोघांत १ चा, हे सोडवणाऱ्याला स्वतः शोधावं लागतं, आणि ते सापडण्यातच खरा आनंद आहे.

सुडोकूत रंगवलेल्या चार घरांत ६१७४ लपवायचं असेल तर शीर्षकात कापरेकरांचं नाव घालू नका. नाव वाचताच चार घरं फुकट भरली जातात. नाव हवंच असेल तर ते चार आकडे सरळ छापून द्या आणि बाकीचं कोडं त्यांच्याभोवती रचा.

सोडवणारा मध्येच अडकतो

कमी आकडे दिले की कोडं अवघड, हा गैरसमज जुना आहे. १७ पेक्षा कमी आकड्यांत एकच उत्तर असलेला सुडोकू होत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ साली संगणकावर शक्यता तपासून जाहीर केलं. पण १७ आकड्यांचे काही सुडोकू अगदी सोपे निघतात आणि २८ आकड्यांचे घाम फोडतात. अवघडपणा ठरतो तो पुढची पायरी कुठे आणि किती लपली आहे यावर. १९८४ पासून सुडोकू छापणारी जपानची निकोली ही संस्था हाताने रचलेल्या कोड्यांसाठी ओळखली जाते, त्याचं कारण हेच आहे. हाताने रचणारा प्रत्येक क्लू ठेवताना पुढचं पाऊल पाहतो.

तपासायला दिलेल्या माणसाच्या शेजारी बसू नका. तुमची नजर कुठे जाते, यावरून त्याला अंदाज येतो. त्याला फक्त एवढं सांगा की प्रत्येक घर भरताना कोपऱ्यात बारीक अनुक्रमांक लिही. कागद परत आला की अनुक्रमांक वाचत जा. खोडरबराने कागद जिथे खरवडला गेलाय, तिथे एक तर नियम सैल आहे, नाहीतर ‘समजा इथे ३ आहे’ असं धरून चालण्याशिवाय वाट नव्हती. नियमाचं काम असेल तर वाक्य सुधारा. अंदाजाचं काम असेल तर त्याच्या आधीच्या पायरीजवळ एक क्लू वाढवा.

कागद आणि झेरॉक्स

घर निदान ९ मिलिमीटरचं ठेवा, पेन्सिलीच्या बारीक खुणांना जागा लागते. फिकट करड्या रंगाचे विभाग झेरॉक्सवर उडतात, म्हणून विभागांच्या कडा जाड काळ्या रेषेने दाखवा. देवनागरी आकडे हाताने लिहीत असाल तर १ आणि ९ स्पष्ट वेगळे दिसायला हवेत. उत्तर त्याच कागदाच्या पाठीमागे छापू नका, पातळ कागदातून शाई पुढे दिसते. उत्तराचं पान वेगळं द्या आणि त्यावर नुसतं भरलेलं चित्र न देता पहिल्या तीन-चार पायऱ्या शब्दांत लिहा. अडकलेल्या माणसाला तेवढ्यावर पुढे जाता येतं आणि उरलेलं कोडं त्याचं त्याला सोडवायला मिळतं.