तलावातल्या तवंगातून जिवाणूमुक्त नीलहरित शैवाल कसे वेगळे करावे

ठाण्यात तलावांना तोटा नाही. मासुंदा असो की उपवन, काठाशी पोपटी रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर त्यात मायक्रोसिस्टिस हे नीलहरित शैवाल असण्याची शक्यता बरीच. बाटली बुडवण्याआधी हातमोजे घाला; त्याचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाला घालते.

प्रयोगशाळेत आल्यावर नमुना उंच मोजपात्रात अर्धा तास न हलवता ठेवा. या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे वसाहती आपणहून वर येतात. गाळ आणि बरेचसे उपरे जीव खालीच राहतात. फुकटची चाळणी!

आता खरे काम. सूक्ष्मदर्शकाखाली वसाहत भिजलेल्या साबुदाण्यासारखी दिसते: बुळबुळीत आवरण, आत हिरवे ठिपके. जिवाणू या आवरणातच घर करून असतात, म्हणून नुसते धुऊन भागत नाही. पाश्चर पिपेट (काचेची बारीक थेंबनळी) ज्योतीवर ओढून केसासारखे टोक काढा. एक वसाहत उचला, निर्जंतुक माध्यमाच्या थेंबात सोडा, पिपेट बदला, पुढच्या थेंबात न्या. असे आठ-दहा थेंब. पहिल्या दिवशी मान आखडते आणि निम्म्या वसाहती हरवतात, ते चालायचेच.

मग वसाहत जोरात हलवून पेशी सुट्या करा, खूप विरळ करा आणि कमी तापमानाला गोठणाऱ्या, कोमट आगारोजमध्ये (जेलीसारखा थिजणारा पदार्थ) मिसळून प्लेटमध्ये ओता. बीजी-११ (नीलहरित शैवाल वाढवायचे पोषक द्रावण) आणि आगारोज वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा (१२१ अंश सेल्सियस, १५ मिनिटे). प्रकाश मंद हवा. ट्यूबलाइटवर बटर पेपर लावला तरी चालतो. हिरवा ठिपका दिसायला काही आठवडे लागतात.

प्रतिजैविकाचा मोह होतो, पण शैवाल म्हटले तरी हेही जिवाणूच. औषध दोघांनाही मारते. एक युक्ती मात्र आहे. पेनिसिलिनसारखी औषधे वाढत्या पेशींनाच मारतात. किंचित ग्लुकोज आणि पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जिवाणूंचे खाद्य) घालून अंधारात ठेवले की जिवाणू वाढू लागतात, शैवाल थांबते. तेव्हा औषध द्या आणि लगेच धुवा.

शुद्धतेची परीक्षा: थोडे कल्चर पेप्टोन-ग्लुकोजच्या रश्शात घालून दोन आठवडे अंधारात ठेवा. गढूळ झाले तर पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छ राहिले तरी फसू नका, काही जिवाणू रश्शात उगवतच नाहीत. अॅक्रिडिन ऑरेंज या चमकणाऱ्या रंगाने रंगवून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

आणि पहिल्याच दिवशी मूळ वसाहतीचा फोटो काढून ठेवा. शुद्ध झालेले मायक्रोसिस्टिस बरेचदा सुट्या पेशींतच वाढते, साबुदाणा परत दिसत नाही.