सिंगापूर ग्रांप्री: आधी झोन, मग हॉटेल

सिंगापूरची रात्रीची एफ-वन शर्यत बघायला जाताय? भाड्याची गाडी घ्यायचं मनातून काढूनच टाका. मरीना बेचा ट्रॅक म्हणजे शहराचेच रस्ते. शर्यतीच्या दिवसांत ते बंद असतात, टॅक्सीही लांबच सोडते. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, धरा. स्टेशनच्या गेटवर आपलं काँटॅक्टलेस बँक कार्ड टेकवलं की झालं, फक्त परदेशातले व्यवहार निघण्याआधी चालू करून ठेवा.

तिकीट काढताना किमतीआधी झोन, म्हणजे ट्रॅकभोवतीचा विभाग, बघा. झोन ४ चं वॉकअबाउट (फिरत बघायचं) तिकीट स्वस्त असतं आणि पाडांग या मैदानावरची गाण्यांची मैफलही त्यातच येते, पण त्यावर पिटजवळच्या (गाड्यांचे टायर बदलतात ती जागा) झोन १ मध्ये सोडत नाहीत. जागा ठरलेली नसते, म्हणून कुंपणाशी उभं राहायचं तर लवकर पोहोचा. तिकिटावरचं गेट बघून जवळचं स्टेशन ठरवा. पाडांगला सिटी हॉल सोयीचं. हॉटेलही त्याच मार्गावर घ्या, शहराच्या मध्यापासून लांब असलं तरी चालेल.

खरी परीक्षा परतताना. शर्यत संपली की सगळा लोंढा सिटी हॉलकडेच वळतो. तिथे रेटारेटी करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं चालून ‘ब्रास बासा’ किंवा ‘क्लार्क की’ स्टेशन गाठा. शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि छत्रीऐवजी रेनकोट न्या, मागच्याला ट्रॅक दिसायला हवा ना!