ओपन सोर्स प्रकल्पाच्या दस्तऐवजांची सुधारणा कशी आखावी

गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ साली केलेल्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या) पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट दस्तऐवजांची, म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या पानांची, अडचण नोंदवली होती, आणि ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण त्यांत क्वचितच किंवा कधीच भर घालत नसल्याचेही सांगितले होते. म्हणून काय लिहायचे याच्याइतकाच कोण लिहिणार हा प्रश्नही आखणीत सुरुवातीपासून असावा लागतो.

प्रथम असलेल्या पानांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे व त्यातील कृती शेवटची कधी करून पाहिली हे लिहावे. त्यानंतर, माझ्या मते सर्वांत मोलाचे काम म्हणजे, एखाद्या नवख्या व्यक्तीला कोऱ्या संगणकावर केवळ आपली पाने वाचून सॉफ्टवेअर बसवायला सांगावे, मध्ये एक शब्दही न बोलता शेजारी बसावे आणि ती कुठे थांबते, कुठे मागे जाते, कोणता शब्द शोधू लागते हे टिपत जावे. जुन्या विकासकांच्या संगणकांवर लागणारी पॅकेजेस (तयार साहाय्यक सॉफ्टवेअर) आधीच असल्यामुळे सुटलेली पायरी त्यांना कधीच दिसत नाही. या टिपणांना इश्यू-यादीत (प्रकल्पातील अडचणी व कामांच्या नोंदींत) वारंवार आलेल्या प्रश्नांची जोड दिली की प्राधान्यक्रम बहुतांशी आपोआप ठरतो.

दस्तऐवजांच्या मांडणीची डायटॅक्सिस ही पद्धत शिकवणी, कृतीपर मार्गदर्शन, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे चार प्रकार मानते. हे भान उपयोगी आहे. मात्र आधी चार रिकामे विभाग उघडून ठेवू नयेत, हाती असलेले पान सुधारत जावे.

काम वाटताना "दस्तऐवज सुधारा" असा इश्यू उघडल्यास तो कोणी उचलत नाही. पान कोणते, वाचक कोण, वाचून त्याला काय करता यावे आणि तपासणार कोण, एवढे लिहिले तर एका संध्याकाळी संपणारे काम नवा स्वयंसेवकही आनंदाने घेतो. तपासणाऱ्याचे नाव आधी ठरवाच, कारण महिनोन्‌महिने पडून राहिलेली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) लिहिणाऱ्याचा उत्साह मारते. चुकीची पाने काढून टाकणे हेही यादीतले स्वतंत्र काम मानावे.

यापुढे वापरकर्त्याला जाणवेल असा कोडमधील प्रत्येक बदल दस्तऐवजातील बदलासह एकाच पुल रिक्वेस्टमध्ये यावा, असा नियम समुदायाने संमत करून घ्यावा. भाषांतराचे काम मात्र मूळ पाने स्थिरावल्यावरच हाती घ्यावे, नाहीतर भाषांतरकारांना तीच वाक्ये पुन्हा पुन्हा करावी लागतात.