माफक किमतीची फ्रेंच पांढरी वाइन: निवड, चव आणि गोव्याचे जेवण

गोव्यात वाइन म्हटले की पुष्कळ घरांत अजूनही गोड पोर्ट वाइनच डोळ्यांसमोर येते. त्या गोडीला सरावलेल्या जिभेला कोरडी फ्रेंच पांढरी वाइन पहिल्या घोटाला आंबट आणि पातळ लागते, आणि पैसे वाया गेले अशी चुटपुट मनाला लागून राहते. म्हणून बाटली उघडण्यापूर्वीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की माफक किमतीच्या पांढऱ्या वाइनमध्ये सुगंधाचे एकावर एक थर शोधण्यात अर्थ नसतो. तिचा जीव आंबटपणात आणि ताजेपणात असतो. आंबटाची पारख गोव्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही. आमसूल, चिंच, कैरी आणि बिंबल यांपैकी काय कोणत्या माशाला चालते, यावर येथे घरोघरी ठाम मते असतात, आणि वाइन चाखताना हीच जीभ उपयोगी पडते.

सुरुवातीला कोणती बाटली घ्यावी असे कोणी विचारले, तर मी म्युस्कादे सुचवीन. ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या भागात, नांत शहराच्या आसपास ही वाइन होते, आणि मलों द बूर्गोन्य हे एकच द्राक्ष तिची ओळख आहे. हे द्राक्ष मूळचे बर्गंडीचे. 1709 च्या भीषण हिवाळ्यात नांतकडचे मळे गारठून गेल्यावर थंडीला तग धरणारी ही जात तेथे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. नावसाधर्म्यामुळे मस्कत द्राक्षाच्या सुगंधी, गोड वाइनशी तिची गल्लत करू नये, कारण दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. लेबलवर ‘सेव्र ए मेन’ हे नाव आणि त्याखाली ‘सूर ली’ हे शब्द असतील तर उत्तम. सेव्र आणि मेन या तिथल्या दोन नद्या. आणि ‘सूर ली’ म्हणजे आंबवण पूर्ण झाल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या साक्यावरच ती वाइन हिवाळाभर ठेवलेली असते. त्यामुळे हलक्या वाइनला थोडा भरीवपणा येतो, पावासारखा मंद वास येतो आणि कधीकधी जिभेच्या टोकाला किंचित चुरचुरही जाणवते.

म्युस्कादे न मिळाल्यास दक्षिणेकडील पिकपूल द पिने किंवा बोर्दो भागातील आंत्र-द्यू-मेर चालेल. फ्रेंच लेबलवर बहुधा द्राक्षापेक्षा गावाचे किंवा प्रदेशाचे नाव ठळक असते, हे लक्षात ठेवले म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. ‘सेक’ म्हणजे कोरडी आणि ‘दमी-सेक’ म्हणजे थोडी गोड. फ्रान्समध्ये जी बाटली रोजच्या जेवणाला उघडली जाते, ती आयातशुल्कामुळे येथे तितकी स्वस्त राहत नाही, तेव्हा निवड डोळसपणे करावी. लेबलवरील साल शक्यतो अलीकडचे, दोन-तीन वर्षांच्या आतले असावे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे बाटली दुकानात कुठे ठेवली आहे ते पाहावे. उन्हाच्या काचेजवळ उभी असलेली, बूच वर सरकलेले असलेली किंवा तोंडाशी चिकट ओघळ आलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये, आणि घेतलेली चांगली बाटलीही भर दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजार करीत फिरू नये. फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही; अशा वाइनला ते बुचाइतकेच, किंबहुना आपल्या दमट हवेत अधिकच सोयीचे असते.

बाटली दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून तीत ती गळ्यापर्यंत बुडवावी, म्हणजे वीसेक मिनिटांत काम होते. नुसत्या बर्फापेक्षा पाण्यातला बर्फ बाटलीला सर्व बाजूंनी भिडतो. चाखण्यासाठी 8 ते 10 अंश सेल्सियस तापमान योग्य. फ्रीजमधून काढल्याबरोबर ती याहून गार असते आणि फार गार वाइनचा वास येत नाही, म्हणून पाच-सात मिनिटे थांबावे. याच्या उलट, तिशी ओलांडलेल्या हवेत पेल्यातली वाइन पाहता पाहता कोमट होते. तेव्हा एका वेळी चार-पाच घोटच ओतावेत आणि बाटली पुन्हा बर्फात ठेवावी. पेल्यात बर्फाचा खडा टाकल्यास आधीच नाजूक असलेली चव पातळ होते.

पहिला घोट जेवणापूर्वी, रिकाम्या तोंडाने घ्यावा. पेला एक तृतीयांशच भरून, देठाशी धरून हलकेच फिरवावा आणि नाक आत घालून एकदा हुंगावे. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, ओल्या दगडासारखा वास, एवढे मिळाले तरी पुरे आहे. मग छोटा घोट तोंडात घोळवून गिळावा आणि थांबावे. खरी परीक्षा गिळल्यानंतरच होते: जबड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटते का, आणि ते किती वेळ सुटत राहते? द्राक्षातील मुख्य आम्लांपैकी टार्टारिक आम्ल चिंचेतही असते, आणि दुसरे, मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदात. हा आंबटपणा स्वच्छ, सरळ असावा. घसा ओरबाडणारा, व्हिनेगरकडे झुकणारा नसावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे असे समजावे, आणि रंग तपकिरीकडे झुकून काळवंडलेल्या सफरचंदाचा वास येत असेल तर वाइनला हवा किंवा उष्णता लागली आहे. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर मात्र घाबरू नये. गारव्याने ते टार्टारिक आम्लच क्षाररूपाने खाली बसलेले असते आणि ते निरुपद्रवी असते.

यानंतर जेवण. नांतच्या किनाऱ्यावर ही वाइन कालवांबरोबर पितात, आणि कालवे, तिसऱ्या व शिनाणे गोव्याच्या खाडीत मिळतातच. तिसऱ्यांचे सुके ओले खोबरे घालून, मिरची आवरती ठेवून केले, तर शिंपल्यांचा खारा रस आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना उचलून धरतात. रव्यात घोळवून तळलेली इस्वणाची तुकडी किंवा मुड्डशी यांच्याबरोबरही ती छान जुळते, कारण तेलाचा थर तिच्या एका घोटाने धुऊन निघतो. सोमवारी मासळी वर्ज्य असेल तर नीरफणसाची कापे हाच न्याय पाळतात. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या हुमणाबरोबर, शागोतीबरोबर किंवा विंदालूबरोबर मात्र ही बाटली उघडू नये. मिरचीची आग मद्याने वाढते, तिरफळाचा झणका जिभेवर रेंगाळत असताना हलक्या वाइनचे काहीच कळत नाही, आणि अशा जेवणाला ल्वारकाठची थोडी गोडसर वुव्रे बरी. सोलकढी आणि वाइन एकाच घासाला घेऊ नयेत. दोन आंबटांत वाइनच हरते.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती चाखण्यासारखी राहत नसली, तरी स्वयंपाकाला चालते: लसूण आणि थोडे लोणी तापवून त्यात धुतलेल्या तिसऱ्या टाकाव्यात, वर अर्धा पेला वाइन ओतून झाकण ठेवावे आणि शिंपले उघडताच भांडे उतरवावे. न उघडलेले शिंपले टाकून द्यावेत आणि तळाचा रस पावाने टिपून खावा.