आंत्रविषार: शेळी-मेंढीच्या आतड्यातलं विष आणि ते रोखायचं कसं

संध्याकाळी चांगलं खाऊन-पिऊन बसलेलं, कळपातलं सगळ्यात गुटगुटीत बोकड सकाळी कोठ्यात मेलेलं दिसतं. मग साप चावला असेल, कोणी काही घातलं असेल, अशा चर्चा सुरू होतात. अशा वेळी आदल्या दोन दिवसांत त्याने काय खाल्लं, ते आधी आठवा.

आंत्रविषाराचा जंतू (क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, 'डी' प्रकार) निरोगी जनावराच्या आतड्यात थोडाफार असतोच. खळ्यावरची ज्वारी, मका किंवा लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात-पोळ्या एकदम पोटात गेल्या, की न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरतो. त्यावर जंतू काही तासांत बेसुमार वाढतात आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतात. सुटताना हे विष जवळपास निरुपद्रवी असतं. त्याला धार लावतं जनावराचंच पाचक द्रव्य, ट्रिप्सिन. मग ते आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरतं आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. म्हणून मेंढी बरेचदा हगवण न लागताच, मान मागे ताणून, पाय झाडत मरते. शेळीला मात्र पातळ, आव-रक्ताची हगवण लागते आणि ती पोटदुखीने ओरडते.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांतली रक्ती हगवण वेगळी. तिथे 'बी' आणि 'सी' प्रकारांचं बीटा विष असतं. ट्रिप्सिन ते एरवी नष्ट करतं, पण चिकातले घटक ट्रिप्सिनलाच अडवतात. पण म्हणून चीक बंद करायचा नाही. तो पाजायचाच, फक्त गाभण माद्यांना व्यायच्या 4 ते 6 आठवडे आधी लस द्यायची, म्हणजे संरक्षणही चिकातूनच उतरतं.

लस मे महिन्यात, पावसाच्या आधी टोचा. साधारण 2.5 मिली, कातडीखाली; तरी बाटलीवरचं प्रमाण वाचा. पहिल्यांदाच टोचत असाल तर 2 ते 3 आठवड्यांनी दुसरा डोस हवाच, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. लस 2 ते 8 अंशांत ठेवा, गोठू देऊ नका, वापरण्याआधी हलवा. मेच्या उन्हात दुपारी टोचू नका, पहाटे उरका. शेळीत मेंढीइतकी दीर्घ प्रतिकारशक्ती टिकत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी डोस देणं बरं.

लस टोचली तरी खाद्य एकदम बदलू नका. मका किंवा चुनी सुरू करताना रोज 50 ग्रॅम द्या आणि दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. कापणी झालेल्या वावरात सोडण्याआधी तुरीचं कुटार किंवा कडबा पोटभर घाला. पहिल्या दिवशी अर्धा तासच चारा, मग रोज थोडं वाढवा. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत गवतालाही हाच नियम.

मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर ते उघडू नका. फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. डॉक्टरांना कळवा आणि कुत्री लांब ठेवा. तसं नसेल तर डॉक्टरांकडून दोन-तीन तासांत शवविच्छेदन करून घ्या. मऊ पडलेलं मूत्रपिंड ही आंत्रविषाराची खूण, पण आमच्याकडच्या उन्हात मूत्रपिंड आपोआपही मऊ पडतं, उशीर झाला तर त्यावरून काही ठरत नाही. लहान आतड्यातला 10 मिली द्रव, त्यात क्लोरोफॉर्मचा एक थेंब, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. नुसता जंतू सापडून भागत नाही, विष सापडावं लागतं.

एक मेलं, की उरलेल्यांचा दाणा तत्काळ थांबवा, सुक्या चाऱ्यावर ठेवा आणि डॉक्टरांना विचारून सगळ्यांना लस द्या. आजारी पडलेल्याला अँटिबायोटिक दिलं तर जंतू मरतात, रक्तात गेलेलं विष तिथेच राहतं. प्रतिविष द्रव्य मिळालंच तर तेही पहिल्या काही तासांतच उपयोगी.